गुढीला असत्याची काठी नको

फाल्गुन सरत आला की आपल्याकडे दोन गोष्टी न चुकता घडतात. झाडांना चैत्राची पालवी फुटते आणि भ्रमणध्वनींना एका ठरावीक संदेशाचा मोहोर येतो. संदेशाचा आशय दरवर्षी एकच असतो. हिंदूंचे नववर्ष एक एप्रिलच्या सुमारास येते, १५८२ साली इंग्रजांनी आपल्यावर एक जानेवारी लादली, जे स्वाभिमानी हिंदू चैत्रातच नववर्ष साजरे करीत राहिले त्यांना मूर्ख ठरविण्यासाठी 'एप्रिल फूल' हा दिवस काढण्यात आला. तेव्हा हिंदूंनो, जागे व्हा आणि हे दहा जणांना कळवा.

काही वर्षांपूर्वी एका उपनगरातील वर्षप्रतिपदेच्या कार्यक्रमात हीच कथा व्यासपीठावरून सांगितली गेली. वक्ते तळमळीचे होते, टाळ्याही पडल्या. कार्यक्रमानंतर प्रसाद घेता घेता अकरावीतील एका मुलीने त्यांना विचारले, "काका, १५८२ साली इंग्रज आपल्याकडे राज्य करीत होते का?" वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अगं, सनावळी बाजूला ठेव. त्यामागची भावना महत्त्वाची." मुलगी काही बोलली नाही, नुसती हसली. ते हसणे मला आजही टोचते. कारण त्या सभागृहात 'एप्रिल फूल' कोण झाले होते, हे तिला कळले होते आणि आम्हां मोठ्यांना कळले नव्हते.

संदेशाची परीक्षा

सोने कसाला लावावे लागते, तसे हा संदेशही एकदा लावून पाहू. १५८२ हे साल पोप तेरावा ग्रेगरी याच्या पंचांगसुधारणेचे. त्या वर्षी कॅथलिक देशांत ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. इंग्लंड तेव्हा पोपशी भांडून वेगळे झाले होते. त्याने ही सुधारणा स्वीकारली ती थेट १७५२ साली, म्हणजे तब्बल १७० वर्षांनी. त्याच वर्षापासून इंग्लंडचे कायदेशीर नववर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागले. तोपर्यंत ते २५ मार्चला सुरू होत असे. ज्यांनी स्वतःच १ जानेवारी मानली नव्हती, ते ती आपल्यावर कशी लादणार? शिवाय ईस्ट इंडिया कंपनीला सनद मिळाली ३१ डिसेंबर १६०० रोजी. १५८२ मध्ये हिंदुस्थानात इंग्रजांची सत्ता सोडाच, साधी वखारही नव्हती.

दुसरी गोष्ट याहून लाजिरवाणी आहे. हिंदूंचे नववर्ष 'एक एप्रिलला' असते, असे म्हणणाऱ्याला आपले पंचांगच ठाऊक नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदा ही तिथी आहे, तारीख नव्हे. ती मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत फिरत असते. पंजाबची वैशाखी, तमिळ पुत्तांडु, बंगालचा पोयला बैशाख ही सौर नववर्षे एप्रिलच्या मध्यावर येतात. आद्य सरसंघचालक डॉक्टर हेडगेवार यांचा जन्म १८८९ च्या वर्षप्रतिपदेचा आणि त्या दिवशी इंग्रजी तारीख होती १ एप्रिल. परंतु गेली कित्येक दशके स्वयंसेवक त्यांना प्रणाम करतात तो प्रतिपदेला, एक एप्रिलला नव्हे. जो विवेक आपल्या नित्याच्या आचरणात आहे, तो हातात यंत्र येताच कुठे जातो?

मग हा दिवस आला कोठून?

पाश्चात्त्यांच्या पुस्तकांतही याचे एक सुबक उत्तर मिळते. फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाने १५६४ साली रूसियाँ येथून फर्मान काढून वर्षारंभ १ जानेवारीला आणला. जुन्या रीतीने एप्रिलमध्ये नववर्ष करणाऱ्यांची लोकांनी टर उडविली. तीच प्रथा झाली. आपल्या संदेशाचा सांगाडा याच कथेवरून उचललेला आहे. त्यात फ्रेंचांच्या जागी हिंदू घातले, इतकेच. पण ही मूळ कथाही टिकत नाही. त्या काळी फ्रान्समध्ये वर्षारंभ कोठे ईस्टरला, कोठे नाताळला, तर कोठे २५ मार्चला होत असे. शिवाय फर्मानाच्या तीन वर्षे आधी, १५६१ साली, ब्रुझ नगरीतील एदुआर्द दे देने या फ्लेमिश कवीने एक कविता लिहिली. तिच्यात एक सरदार आपल्या नोकराला एक एप्रिलच्या दिवशी निरर्थक कामांसाठी दारोदार पाठवतो. म्हणजे फर्मानाच्या आधीपासून थट्टा चालूच होती.

इंग्लंडात जॉन ऑब्रे याने १६८६ च्या सुमारास या मूर्खांच्या दिवसाची नोंद केली. १६९८ साली लंडनच्या टॉवरमध्ये सिंहांना आंघोळ घालतात ती पाहायला या, असे सांगून लोकांना फसविण्यात आले. हे सारे १७५२ च्या पंचांगबदलाआधीचे. तेव्हा कालगणनेचा धागा इंग्लंडातही जुळत नाही. दिसते ते एवढेच, की वसंताच्या आगमनाला माणसे थोडी सैल होतात, एकमेकांची खोडी काढतात आणि हे अनेक समाजांत घडते. इराणात नवरोजानंतरच्या तेराव्या दिवशी, म्हणजे एक-दोन एप्रिलच्या सुमारास, थट्टेने खोटे बोलण्याची रीत आहे. आणि आपली होळी? तोफखान्यातील कर्नल पिअर्स या इंग्रज अधिकाऱ्याचे टिपण 'एशियाटिक रिसर्चेस'च्या दुसऱ्या खंडात १७९० साली छापले गेले. होळीच्या दिवसांत हिंदुस्थानी लोक एकमेकांना फसव्या कामगिरीवर धाडतात आणि हात हलवीत परतणाऱ्याला हसतात, हे पाहून त्याला इंग्लंडातील एक एप्रिलची आठवण झाली. यावरून 'एप्रिल फूल मूळचा आमचाच' अशी आरोळी ठोकण्याचा मोह कुणाला होईल. तोही आवरावा. साम्य म्हणजे वंशावळ नव्हे.

या दिवसाच्या उगमाची कथा कशी रचली जाते, याचे एक मासलेवाईक उदाहरण अमेरिकेतले आहे. १९८३ साली बोस्टन विद्यापीठातील प्राध्यापक जोसेफ बॉस्किन यांनी एका पत्रकाराला सांगितले की, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या दरबारातील 'कूगल' नावाच्या विदूषकाला एक दिवसाचे राज्य मिळाले आणि त्यातून हा दिवस निघाला. 'असोसिएटेड प्रेस' या जगद्विख्यात वृत्तसंस्थेने ते छापले. कूगल नावाचा विदूषक कधी नव्हताच; प्राध्यापकमहाशयांनी तो तिथल्या तिथे रचला होता. वृत्तसंस्थेला नंतर चूक कबूल करावी लागली. पत्रकाराच्या पेशातल्या मला यातून एकच बोध मिळतो. कथा जितकी गोड, तितकी ती दोनदा तपासावी.

आणि अशी कथा आपणच रचली आहे असेही नाही. मुस्लिम समाजातही वर्षानुवर्षे एक संदेश फिरतो, की स्पेनमधील ख्रिस्त्यांनी एक एप्रिलला मुसलमानांना दगा देऊन मारले आणि म्हणून हा दिवस पाळला जातो. वस्तुतः ग्रॅनडा पडले ते २ जानेवारी १४९२ रोजी. एकच दिवस, दोन समाज आणि दोघांचा दावा एकच: हा दिवस खास आमच्या अपमानासाठी निघाला. दोन्ही दावे खरे असू शकत नाहीत. दोन्ही खोटे मात्र असू शकतात आणि तसे ते आहेत.

कोकीळ, मासा आणि फूल

तर मग या दिवसाविषयी आपली तक्रार नाहीच काय? आहे, पण ती वेगळ्या जागी आहे. ती भाषेच्या जागी आहे.

युरोपात हा दिवस देशोदेशी फिरला, पण प्रत्येकाने त्याला आपापल्या भाषेत नाव दिले. फ्रेंचांनी फसलेल्याला 'एप्रिलचा मासा' म्हटले, इटालियनांनीही मासाच म्हटले. स्कॉटलंडने त्याला 'गौक' म्हटले, म्हणजे कोकीळ. ज्या पक्ष्यात आपल्या कवींना वसंताचा दूत दिसला, त्यात त्यांना भोळसट दिसला! जर्मनांनी 'एप्रिलात धाडणे' असा वाक्प्रचार केला. स्पेनने तर तारीखही घेतली नाही. तिथे अशा खोड्या २८ डिसेंबरला चालतात. दुसऱ्याची गंमत घ्यायची, तर ती पचवून घ्यायची, असे हे शहाणपण आहे.

आपण काय केले? इंग्रजी पुस्तकांतून, शाळांतून दिवस घेतला तो शब्दासकट, गिळावा तसा. 'फूल' या अक्षरांना मराठीत सुगंध आहे. देवाला वाहायचे, अंबाड्यात माळायचे ते फूल. त्याच अक्षरांत इंग्रजी मूर्ख येऊन बसला आणि आपल्या मुलांनी त्याला यमकही जुळवून घेतले. १९६४ साली याच नावाचा हिंदी चित्रपट आला आणि शब्द घरोघर रुळला. आता 'त्याला एप्रिल फूल केलं' असे म्हणताना आपल्याला काही खटकतही नाही.

जणू मराठीत या व्यवहाराला शब्दच नव्हते! थट्टा, मस्करी, चेष्टा, खोडी, फजिती, टिंगल, टवाळी, कुचेष्टा, उपहास हे काही एकमेकांचे प्रतिशब्द नव्हेत. ही एक मोजपट्टी आहे. थट्टा जवळच्याची करावी, टवाळी परक्याची होते, कुचेष्टा दुबळ्याची होते. फिरकी घेतली तर ज्याची घेतली तोही हसतो. टोपी घातली तर त्याच्या खिशाला चाट बसते. शेंडी लावली तर त्याचा विश्वासही जातो. कुठे थांबावे, हे आपली भाषा शब्द निवडतानाच सांगते. 'एप्रिल फूल' या एका शब्दाने ही सगळी मोजपट्टी पुसली. आजारपणाची खोटी बातमी देणारा आणि पाठीवर कागद चिकटवणारा, दोघेही एकाच शब्दाच्या आडोशाला उभे राहून 'गंमत केली' म्हणतात. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ करताना 'दिनांक', 'महापौर', 'दिग्दर्शक' असे शब्द रुजविले, ते इंग्रजीच्या द्वेषाने नव्हे. घरात वस्तू असताना शेजाऱ्याकडे मागायला जाणे हे दैन्य आहे, हा त्यामागचा विचार होता.

हसणे आपल्याला नवे नाही

यावर काही सुशिक्षित मंडळी नाक मुरडतील. 'तुम्हां संस्कृतिरक्षकांना हसणेही खपत नाही', असे म्हणतील. त्यांनी भरतमुनींचे नाट्यशास्त्र उघडावे. तिथे हास्याला रसांत स्थान आहे आणि त्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित आणि हसित हे उत्तमांचे, विहसित आणि उपहसित हे मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित हे अधमांचे. हसावे की नाही, हा प्रश्नच तिथे नाही. कसे हसावे, हा आहे. पल्लवराज महेंद्रवर्मा याने सातव्या शतकात 'मत्तविलास' हे प्रहसन रचले, त्यात ढोंगी साधूंची यथेच्छ फजिती आहे. 'मृच्छकटिका'तील मैत्रेय हा विदूषक आहे. पण दरिद्री झालेल्या चारुदत्ताची साथ तो सोडत नाही. आपल्याकडे ज्याला हसायचे, तो असा आपला असतो.

नाथांची भारुडे, तमाशातील सोंगाड्या, कोकणच्या शिमग्यातील सोंगे, गोव्याचा शिगमो ही सगळी हसण्याची विद्यापीठे आहेत. शिमग्यात बीभत्सपणा शिरला तेव्हा आपल्याच सुधारकांनी त्याचे वाभाडे काढले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तरीही रंगाच्या दिवशी रंगविणारा आणि रंगणारा दोघेही रंगलेले असतात. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा सुदामा, गडकऱ्यांचा बाळकराम, चिं. वि. जोशींचा चिमणराव यांनी मराठी माणसाला हसविले, ते त्याच्याच घरातले आरसे दाखवून. स्वतःला हसता येणे हे आत्मविश्वासाचे लक्षण आहे. आणि इथेच आपल्या संदेशवीरांचा प्रश्न येतो. हजारो वर्षांची परंपरा सांगणारा समाज, आपल्याला कुणीतरी मूर्ख म्हटले अशी कल्पित तक्रार दरवर्षी का उगाळतो?

खरी जखम आणि रंगवलेली जखम

अपमानाचा इतिहास आपल्याला शोधून काढावा लागत नाही. गोव्यात १५६० साली धर्मसमीक्षण सभा बसली, ती मधली काही वर्षे वगळता १८१२ पर्यंत चालली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. अ. का. प्रियोळकरांसारख्या संशोधकाने दप्तरे चाळून हे जगापुढे ठेवले. भाषेवर घाव घालणे म्हणजे काय, हे पाहायचे असेल तर तो हुकूम पाहावा. अशी साधार, शाबीत दुःखे असताना कल्पित दुःख कशासाठी रंगवायचे? बाजारात एक खोटे नाणे सापडले की व्यापारी थैलीतील सगळीच नाणी वाजवून घेतो. 'एप्रिल फूल'ची भाकडकथा ऐकून हसलेली ती मुलगी उद्या गोव्याचा खरा इतिहास ऐकतानाही हसेल आणि त्याचे पाप आपल्या माथी असेल.

कल्पित अपमान काय करतो, हे आपल्या घरातच पाहता येईल. मयसभेत पडलेल्या दुर्योधनाला 'आंधळ्याचा पुत्र आंधळा' असे द्रौपदी म्हणाली आणि त्यातून महाभारत घडले, हे आपल्यातील बहुतेकांना 'ठाऊक' असते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ पन्नास वर्षे खपून, शेकडो हस्तलिखिते ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्यात हे वाक्य नाही. तिथे भीम हसतो, सेवक हसतात; स्त्रिया आणि द्रौपदी हसल्याचे दुर्योधन पुढे पित्यापाशी तक्रार करताना सांगतो. परंतु ते विषारी वाक्य तिच्या तोंडी कुणीतरी घातले आणि पिढ्यान्‌पिढ्या युद्धाचा दोष एका निरपराध स्त्रीच्या माथी मारला गेला. एका रचलेल्या वाक्याची ही किंमत आहे.

आजच्या काळातील किंमत तर रक्ताची आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारले. ते होते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरी, आपलेच धर्मबांधव. तो संदेश पुढे पाठविणाऱ्यांपैकी प्रत्येकाला आपण समाज जागवीत आहोत, असेच वाटले असणार. एप्रिलचा संदेश कुणाचा जीव घेत नाही, हे खरे. पण न तपासता पुढे ढकलण्याची सवय तीच आहे आणि सवय लागते ती अशा निरुपद्रवी वाटणाऱ्या गोष्टींवरच.

पढतमूर्ख कोण?

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला आणि त्याच दशकाचा शेवट पढतमूर्खाने केला. ही मांडणी मार्मिक आहे. अडाणी मूर्खाला सुधारता येते. वाचलेला, ऐकलेला, तरीही विवेक न वापरणारा पढतमूर्ख अधिक अवघड. 'मूर्ख' हा शब्द आपले व्युत्पत्तिकार 'मुह्' धातूशी जोडतात. ज्याच्या बुद्धीवर मोह पडला तो मूर्ख. इंग्रजी 'फूल'चे मूळ लॅटिन 'फॉलिस'मध्ये आहे. त्याचा अर्थ भाता, वाऱ्याने फुगणारी कातडी पिशवी. स्वतःच्या संतापाला सुखावणारी कथा मोहाने खरी मानणारा आणि दुसऱ्याचा वारा भरून घेऊन तो पुढे फुंकणारा माणूस या दोन्ही भाषांत एकाच वेळी बसतो. त्याला मूर्ख ठरविण्यासाठी कुठल्याही पोपची वा इंग्रजाची गरज नाही.

वर्षप्रतिपदेला अशा टेकूची गरज कधीच नव्हती. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ मराठीत लिहिला. लोकमान्यांनी पंचांगशुद्धीसाठी आपली गणिती बुद्धी वेचली. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून शकसंवत्सरावर आधारलेली राष्ट्रीय दिनदर्शिका भारत सरकारने स्वीकारली. डोंबिवलीकरांनी १९९९ साली नववर्ष स्वागतयात्रा काढली आणि पाहता पाहता गावोगावी ती निघू लागली. ती कुणावर सूड उगवायला निघाली नव्हती, आनंदाने निघाली होती. आजची तिथी आणि राष्ट्रीय दिनांक न पाहता सांगू शकतील, अशी आपल्यापैकी किती घरे आहेत? अभिमान दाखवायचा असेल, तर त्याची सुरुवात तिथून व्हावी.

येत्या फाल्गुनाच्या अखेरीस तो संदेश पुन्हा येईल. पाठविणारा आपलाच कुणी जिवलग असेल, कदाचित वयाने आणि मानाने मोठा असेल. त्याची टवाळी करू नये. फोन करावा, नमस्कार करावा आणि सन १५८२ चे गणित शांतपणे समजावून सांगावे. मुलांनी एक एप्रिलला खोडी काढलीच, तर रागावू नये. 'छान फिरकी घेतलीस रे' एवढे मराठीत म्हणावे, आणि थट्टा कुठे संपते व कुचेष्टा कुठे सुरू होते, हेही त्याच वेळी सांगावे.

आणि पाडव्याच्या सकाळी गुढी उभारताना काठी धुऊन, पुसून, पारखून घ्यावी. किडलेल्या काठीवर रेशमी वस्त्र आणि चांदीचे भांडे फार काळ तोलत नाही. 'सत्यमेव जयते' हे या राष्ट्राचे बोधवाक्य आहे; त्यात आपल्या सोयीच्या असत्याला सवलत दिलेली नाही.